बांगड्या कोणाच्या हातून फुटतात?

एका ग्रामपंचायत सदस्याचं पत्र आलं आहे. वय तेहतीस, पहिल्यांदाच निवडून आलेले. गेल्या पावसाळ्यात त्यांचे वडील गेले. तिरडी उचलायच्या वेळी अंगणात दोन चुलत्या आणि आत्यानं आईला धरून तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, मंगळसूत्र तोडलं. आईच्या मनगटाला काच लागली. "मी चार हातांवर उभा होतो आणि गप्प राहिलो," असं ते लिहितात. आता त्यांना कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीसारखा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव आपल्या गावात आणायचा आहे. सरपंच तयार आहेत. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडू, पेपरला बातमी देऊ, असं ते म्हणतात. भावकीतले वडीलधारे म्हणतात, हा धर्मात हात घालणं आहे, मतं जातील. विरोधी गट म्हणतो, आधी स्वतःच्या आईला कुंकू लावा, मग गावाला शिकवा. आणि आई म्हणते, "मला काही नको. माझ्या नावानं गावात तमाशा करू नको." वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. कन्यादानाला काका-काकू बसतील, असं आईनंच परस्पर सांगून टाकलं आहे. पत्रलेखकाचे प्रश्न दोन आहेत : ठराव आणू का? आणि आईला कसं समजावू?

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं "गप्प राहिलो" हे वाक्य तुम्ही स्वतःला दोष देण्यासाठी लिहिलं आहे. मला त्यात गावाच्या उपयोगाची माहिती दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करू. त्या अंगणात "आता बांगड्या फोडा" असं स्पष्ट म्हणणारं कोणी होतं का, हे आठवून बघा. बहुधा नव्हतं. चुलत्यांना वाटलं, आत्याला हवं आहे. आत्याला वाटलं, भावकीला हवं आहे. भावकीला वाटलं, बायकांचं बायका बघतील. तुम्हाला वाटलं, या घडीला बोलणं शोभणार नाही. पाच-दहा मिनिटांत सगळं उरकलं आणि कोणी ठरवलं, हे कोणालाच सांगता येणार नाही. ही प्रथा अशीच टिकते. तिच्या बाजूनं भांडणारी माणसं गावात फार नसतात, पण त्या दहा मिनिटांत तिला थांबवणारं एकही नसतं. ठराव आणायचा की नाही, याचं उत्तर त्या दहा मिनिटांवर अवलंबून आहे. पुढच्या मयतीच्या वेळी तिथे कोण उभं असेल, हे ठरत असेल तर ठराव जरूर आणा. तेवढं ठरत नसेल तर पेपरात बातमी येईल आणि अंगणात बांगड्या फुटत राहतील.

एक जुनी गोष्ट इथे कामाची आहे. विधवेचं केशवपन ही एके काळी, विशेषतः ब्राह्मण घरांत, बांगड्यांपेक्षाही कडक प्रथा होती. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार त्यांनी केला. या सभेनं प्रथा एका रात्रीत संपली नाही, पण सभेची नजर अचूक होती. शास्त्र काय म्हणतं, हा वाद वर्षानुवर्षं चालला असता. लोखंडे यांनी प्रत्यक्ष काम करणारे हात शोधले आणि त्यांच्याशी बोलणं केलं.

तुमच्या गावातले ते हात कोणाचे? पुरुषांचे नाहीत. गावातल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक भावकीत अशा चार-पाच वडीलधाऱ्या बायका असतात की मयत झाल्यावर पहिला निरोप त्यांच्याकडे जातो. अंघोळ कशी घालायची, कोणाला बोलवायचं, सुतक किती दिवस, हे सगळं त्या सांगतात. बांगड्या त्यांच्याच हातून फुटतात. त्यातल्या बऱ्याच जणी स्वतः विधवा असतात आणि त्यांच्या बांगड्याही कोणीतरी अशाच फोडलेल्या असतात. त्या हे दुष्टपणानं करत नाहीत. हे केलं नाही तर उद्या लोक तिलाच बोलतील, आत्ताच उरकलेलं बरं, असा त्यांचा हिशेब असतो. त्यांना सभेत उभं करून अंधश्रद्धाळू म्हटलंत, तर गाव कायमचं तुमच्या विरोधात जाईल. त्याऐवजी एका संध्याकाळी आत्याकडे जाऊन बसा. वाद घालू नका. "तुमच्या वेळी काय झालं होतं?" एवढंच विचारा आणि ऐका. या एका प्रश्नानंतर बऱ्याच घरांत पुढचं बोलणं त्या बायकांनीच केलं तर नवल वाटायला नको.

आता ठरावाकडे येऊ. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी तो ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. १७ मे रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं कळवलं. त्यामुळे तुमच्या ग्रामपंचायतीला हा विषय घेता येतो का, हा प्रश्न उरलेला नाही. भावकीतल्या कोणी "हे आपल्या कक्षेत बसत नाही" म्हटलं, तर ते परिपत्रक ग्रामसेवकांकडून काढून घ्या आणि इतिवृत्तात त्याचा उल्लेख करा.

पण ठरावाला काय जमत नाही, हेही आधीच समजून घ्या. ग्रामसभेचा ठराव हा गावानं जाहीर केलेला निर्धार असतो, तो फौजदारी कायदा नव्हे. "प्रथा पाळणाऱ्याला पाच हजार रुपये दंड" असली कलमं उत्साहात घातली जातात. अशा दंडाला कायद्याचा आधार नसतो. पहिल्याच घरानं भरायला नकार दिला की ठरावाची पत जाते. शिवाय दंडाची भाषा आली की विषय बाईच्या हातातून निघून पुन्हा पंचांच्या हातात जातो. जादूटोणाविरोधी कायदा, २०१३ लावू, असंही कोणी म्हणेल. त्या कायद्याच्या अनुसूचीत ही प्रथा नाही, म्हणून तो धाक घालू नका.

"बंदी" हा शब्दही मी टाळला असता. ठरावाचा मजकूर साधारण असा ठेवा : "पती निधन पावलेल्या स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे यांपैकी कोणतीही कृती तिच्या संमतीशिवाय कोणीही करू नये. काय ल्यावे व काय उतरवावे हा निर्णय तिचा राहील. गावातील सण, पूजा, विवाह व सार्वजनिक कार्यक्रमांत तिला इतर स्त्रियांप्रमाणेच निमंत्रण व मान दिला जाईल." यात धर्माचा उल्लेख नाही, कोणत्या जातीचा नाही, आणि जिला स्वतःहून काही उतरवायचं आहे तिच्या आड ठराव येत नाही. विरोधकाला उभं राहून म्हणावं लागेल की तिच्या संमतीशिवायही हे झालंच पाहिजे. भर सभेत असं म्हणायला फार थोडे तयार होतात.

पंधरा ऑगस्टची घाई मात्र नको. त्या दिवशीची ग्रामसभा योजना, लाभार्थी याद्या आणि भांडणं यांतच संपते. हा विषय "आयत्या वेळचे विषय" मध्ये ढकलला जातो, बायका तोवर घरी गेलेल्या असतात आणि मोजक्या पुरुषांच्या उपस्थितीत तो मंजूर होतो. गणपूर्ती झाली, म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढे लोक आले, तरी त्यात बायका किती होत्या हे कोणी विचारत नाही. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं सांगितलं आहे. बऱ्याच गावांत ती फक्त सह्यांच्या वहीत होते. तुमच्या गावात ती खरोखर भरवा. आजच्या घडीला लोखंडे यांची नाभिकांची सभा म्हणजे हीच सभा. तिथे विषय मांडला गेला, बोलणं झालं, रडणं झालं, विरोध झाला आणि तरी तो पुढे आला, तरच मुख्य ग्रामसभेत न्या. नसता पुढच्या सभेपर्यंत थांबा. काही महिन्यांचाच फरक पडेल.

त्या सभेआधी दोन महिने हातात ठेवा. प्रत्येक बचत गटाच्या मासिक बैठकीत वीस मिनिटं मागून घ्या. तिथे तुम्ही बोलू नका, अंगणवाडी सेविकेला किंवा आशा ताईंना बोलू द्या. त्या घराघरांत जातात आणि कोणाच्या घरी काय झालं हे त्यांना ठाऊक असतं. ठराव सुचवणारी बाईच असावी, तीही तिची स्वतःची इच्छा असेल तरच. अनुमोदन विरोधी गटातल्या सदस्यानं द्यावं. हे जमवण्यासाठी तुम्हाला श्रेय सोडावं लागेल आणि सरपंचांनाही सोडायला सांगावं लागेल. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, म्हणजे तुमच्या शेजारीच निम्म्या खुर्च्यांवर बायका बसतात. त्यांच्या वतीनं त्यांचे नवरे बोलत असतील, तर निदान या एका विषयावर त्यांनी स्वतः बोलावं, हा आग्रह धरा. एका गटाचा ठराव म्हणून तो मंजूर झाला, तर पुढच्या निवडणुकीनंतर दुसरा गट तो मोडण्यात भूषण मानेल आणि त्याची किंमत तुमच्या गावात पुढे विधवा होणारी बाई मोजेल.

मंजुरीनंतरचं काम याहून महत्त्वाचं आहे. प्रत्येक वस्तीत दोन बायका आणि एक पुरुष अशी तिघांची नावं ठरवा. मयतीचा निरोप आला की यांनी तासाभरात त्या घरी पोचायचं. दोघींनी त्या बाईच्या दोन्ही बाजूंना बसायचं, तिचा हात हातात घ्यायचा आणि तिथून उठायचं नाही. कोणी पुढे आलं, तर वाद घालायचा नाही, कायदा सांगायचा नाही. एकच वाक्य बोलायचं : "तिला विचारल्याशिवाय नको." त्या घडीला ती बाई बहुधा उत्तर देण्याच्या स्थितीत नसते. मग दुसरं वाक्य : "आज राहू द्या, मागाहून बघू." ही प्रथा घडीला बांधलेली आहे. कुठे तिरडी उचलताना, कुठे स्मशानात, कुठे दहाव्याला. ती घडी टळली की नंतर मुद्दाम जमून कोणाच्या बांगड्या फोडायला फारसं कोणी येत नाही. तिसऱ्या, पुरुष माणसाचं काम बाहेर अंगणात. भावकीतल्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन त्यानं आधीच सांगून ठेवायचं. या तिघांत त्याच भावकीतलं एक तरी माणूस असू द्या. बाहेरचे तिघं आले तर दुःखाच्या घरात ते चढाईसारखं वाटतं.

आणि ज्या बाईला स्वतःहून बांगड्या उतरवायच्या असतील, तिनं त्या घरात, आपल्या वेळेला, साबणाच्या पाण्यानं सरकवून काढाव्यात. फोडायची गरज नाही. तुमच्या आईच्या मनगटाला काच लागली. मधुमेह असलेल्या बाईला अशी जखम महिनाभर पुरते. मंगळसूत्र तोडायचं नाही, काढलं तर ते तिच्याच ताब्यात द्यायचं. ते तिचं स्त्रीधन आहे. "मोडून कार्याला लावू" असं म्हणत दिरानं उचललेली मंगळसूत्रं परत येत नाहीत.

भावकीच्या आक्षेपाला मी उडवून लावणार नाही. धर्मात राजकारण्यांनी हात घालू नये, ही भावना खोटी नाही. पण "धर्म" म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर नेमकं काय आहे, ते विचारा. केशवपनही धर्म म्हणूनच केलं जात होतं. आज तुमच्या भावकीतला सर्वांत कर्मठ माणूसही आपल्या बहिणीच्या डोक्याला वस्तरा लावू देणार नाही आणि त्यामुळे आपला धर्म बुडाला असं त्याला वाटत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत विधवेचा पाट किंवा मोहतूर लावण्याची, म्हणजे तिचं दुसरं लग्न लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या होती, तर काही जातींत पुनर्विवाहाचं नाव काढणंही पाप होतं. दोघंही देव तेच मानत होते. म्हणजे बदलत आलं ते काय आणि टिकून राहिलं ते काय, हे आपल्याच इतिहासात दिसतं. पूजा, नामस्मरण, वारी, दहावं-तेरावं यांतलं काहीही तुमच्या ठरावानं थांबत नाही. हे भावकीला शांतपणे सांगा, आणि तेवढ्यावर थांबा. शास्त्रार्थात शिरू नका. १८५६ मध्ये इंग्रज सरकारनं विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता दिली, तेव्हा ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीचा आधार शोधून दिला होता. इतकं होऊनही नंतर कित्येक दशकं पुनर्विवाह करणाऱ्यांवर बहिष्कार पडत राहिले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं आणि त्यांच्या मुरुड गावानंच त्यांना वाळीत टाकलं. पुढे १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, त्यात विधवा शिकल्या, शिक्षिका झाल्या, मिळवत्या झाल्या. वादात न हललेल्या घरांना मिळवती मुलगी हलवू शकली.

आता आई. तुमच्या दुसऱ्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे : आई "नको" म्हणते म्हणजे तिला अजून पटलेलं नाही, आणि पटवणं हे तुमचं काम आहे. जरा थांबा. सात-आठ महिन्यांपूर्वी तिच्या कपाळावरचं कुंकू तिला न विचारता पुसलं गेलं. आता ते तिला पटवून, आग्रह करून, गावाला दाखवण्यासाठी परत लावलं गेलं, तर कपाळ तिचं आणि निर्णय दुसऱ्याचा, हे तसंच राहील. तिच्या "नको" मागे बरंच काही असू शकतं. तिच्या मनात ते कुंकू तुमच्या वडिलांच्या नावाचं असेल आणि ते नसताना लावणं तिला खरोखर नकोसं असेल. किंवा नळावर, भजनात, दुकानात कोण काय बोलेल याचा तिला नेमका अंदाज असेल, तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक, कारण बोलणी तिला खावी लागणार आहेत. पहिलं कारण असेल तर तो तिचा शोक आहे, त्याचा मान ठेवा. दुसरं असेल तर समजूत गावाची घालायची आहे, आईची नव्हे.

म्हणून "कुंकू लाव" म्हणू नका. सवडीनं, ती भाजी निवडत असताना वगैरे विचारा : "त्या दिवशी जे जे काढलं, त्यातलं तुला काही परत हवंय का?" उत्तर लगेच मागू नका. कदाचित तिला जोडवी हवी असतील, कदाचित हिरव्या नाहीत पण काचेच्या बांगड्या, कदाचित यातलं काहीच नाही आणि फक्त संक्रांतीला शेजारणीनं पूर्वीसारखी हाक मारावी एवढंच. ते "काहीच नाही" सुद्धा पूर्ण उत्तर आहे. विरोधी गटाच्या टोमण्याचं उत्तरही यातच आहे : "माझ्या आईच्या कपाळाचा निर्णय माझी आई घेईल. ठरावात तेच लिहिलंय." हे एकदा, शांत आवाजात, सभेत म्हणा. दुसऱ्यांदा विचारलं तर परत तेच म्हणा.

संक्रांतीचा विषय निघालाच आहे, तर "विधवांसाठी खास हळदीकुंकू" हा कार्यक्रम घेऊ नका. भलेपणानं घेतला जातो, पण मंचावर वेगळी रांग, फोटो आणि दुसऱ्या वर्षी काहीच नाही, असं होतं. नेहमीच्याच हळदीकुंकवाला नेहमीच्याच याद्यांत सगळ्या नावांना बोलावणं जाऊ दे. कुंकू पुढे करणारीनं "लावू ना?" असं विचारावं. नाही म्हटलं तर हळद, फूल आणि वाण द्यावं, पण ओळीतून वगळू नये. ग्रामपंचायतीच्या निमंत्रणांत, याद्यांत, सत्काराच्या पत्रांत विधवेच्या नावाआधी "गं. भा." (गंगा भागीरथी) न लिहिता "श्रीमती" लिहायचं, हे तर उद्यापासून कोणालाही न विचारता करता येईल.

पण खरी वेळ वैशाखात आहे. मला तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग बहिणीच्या लग्नाचा वाटतो आणि तुम्ही तो जाता जाता लिहिला आहे. ठरावाच्या आधी तुमच्या घरच्या मांडवात आई कुठे बसणार, हे गाव बघणार आहे. कन्यादानाला काका-काकू हे आईनं स्वतः सांगितलं, कारण कोणी "तुम्ही बसू नका" म्हणायच्या आत आपणच बाजूला झालेलं तिला बरं वाटलं असणार. याही बाबतीत आधी तिला विचारा, आणि बहिणीलाही. लग्न तिचं आहे. बहीण म्हणाली, "आईच्याच हातून," तर आईला नाही म्हणणं अवघड जाईल आणि ते अवघड जाणं गोड असेल.

दोघींचा होकार असेल तर पुढचं काम तुमचं. लग्नाआधी किमान दोन महिने भटजींशी बोला. आयत्या वेळी, मांडवात, सगळ्यांसमोर विषय काढला तर ते जुन्याच वळणावर जातात. देवक, हळद, कन्यादान, औक्षण, विहिणींची भेट आणि ओटी, पाठवणी, असे सगळे क्षण एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे आई कुठे असेल ते ठरवा. त्यांची तयारी नसेल तर दुसरे भटजी शोधायला वेळ हवा, म्हणून दोन महिने. "आईनं कन्यादान केलं तर लग्न लागतं का?" असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ मध्ये दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी सांगितले आहेत आणि जिथे सप्तपदी असते तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. कन्यादान कोण करतं यावर विवाहाची वैधता ठरत नाही. व्याह्यांच्या घरी पत्रिका छापायच्या आधी तुम्ही स्वतः जा. फोनवर नको. त्यांना कळायला हवं की हा तुमच्या घरचा ठरलेला विचार आहे, त्यांच्यावर टाकलेला डाव नाही. पत्रिकेत निमंत्रक म्हणून आईचं नाव पहिलं, काकांचं त्याखाली. काका-काकूंना मात्र मोकळं सोडू नका. मानाचं दुसरं एखादं काम त्यांच्याकडे आधीच द्या, त्यांना सांगून, हात जोडून. मान काढून घेतला असं त्यांना वाटलं तर त्याचा राग आईवरच निघेल.

आई तरीही नको म्हणाली तर? तर काका-काकू बसतील. पण आई पहिल्या रांगेत, मांडवाच्या आत, मुलीला दिसेल अशी बसेल. आतल्या खोलीत नाही. एवढं तरी तिच्याशी बोलून नक्की करा.

आता जो विषय तुमच्या पत्रात अजिबात नाही, तो. बांगड्या फुटतात त्याच तेरा दिवसांत आणखी एक गोष्ट होते : कागदांवर अंगठे घेतले जातात. कपाळावरच्या कुंकवाइतकंच सातबाऱ्यावरचं नाव महत्त्वाचं आहे, आणि मला विचाराल तर थोडं अधिकच. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत आई, तुम्ही आणि बहीण यांचा सारखा वाटा आहे. आजी हयात असेल तर तिचाही. वारसा मिळाल्यानंतर विधवेनं पुनर्विवाह केला तरी तिचा वाटा जात नाही. वारस नोंदीचा अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायचा असतो. मुदत उलटली असेल तरी नोंद होते, तेव्हा अजून केली नसेल तर याच आठवड्यात द्या. मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि जमिनीचे उतारे लागतात. नोटीस काढून हरकतींसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, प्रमाणित करतात. इथे नेहमी होणारी चूक अशी की मुलांची नावं भोगवटादार, म्हणजे जमिनीचे धारक, म्हणून लागतात आणि आई-बहिणींची "इतर अधिकार" या रकान्यात ढकलली जातात. फेरफार प्रमाणित होण्याआधी तो वाचा. आईचं नाव भोगवटादार सदरीच हवं. आणि लग्नाच्या गडबडीत बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेऊ असं कोणी सुचवलं, तर थांबवा. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असतं, एकदा झालं की मागे फिरवणं कोर्टकचेरीचं काम होतं.

गावापुरतं हे असं बसवता येईल. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करावीच लागते, म्हणजे प्रत्येक घर एकदा तुमच्या कार्यालयात येतंच. त्याच वेळी ग्रामसेवकांनी त्या बाईच्या नावानं एक पानी पत्रक द्यावं : वारस नोंद कुठे आणि कधी, तेरा दिवसांत कोणत्याही कागदावर सही-अंगठा न करण्याची सूचना, आणि कोणत्या मदतीसाठी अर्ज करता येईल. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ६५ वर्षांखालच्या निराधार विधवेला दरमहा १,५०० रुपये आहेत, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. नवरा-बायको दोघं हयात असतानाच घराच्या नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर उताऱ्यावर, दोघांची नावं लावण्याची मोहीमही ग्रामपंचायत घेऊ शकते. हे सगळं ठरावाचाच दुसरा भाग म्हणून लिहा. एकट्या पडलेल्या बाईकडे घर आणि चार पैसे असले की तिच्या कपाळाबद्दल बोलणारे आवाज आपोआप खाली येतात.

विरोध टोमण्यांपुरता राहिला तर सोडून द्या. एखाद्या घरावर भावकीनं किंवा जातपंचायतीनं वाळीत टाकण्यासारखं काही केलं, मयतीला जाऊ नका, लग्नाला बोलवू नका असं ठरवलं, तर मात्र गप्प बसू नका. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा राज्यात ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. एखाद्या सुनेवर सासरी जबरदस्ती होत असेल, तिला घराबाहेर काढत असतील, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली तिला त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर त्या एक पानी पत्रकावर छापाच.

एक शेवटचं. महिला सभेनंतर मुख्य ग्रामसभेत तुम्हाला बोलायची वेळ येईल. तेव्हा लोखंडे, कर्वे, परिपत्रकं हे सगळं बाजूला ठेवलंत तरी चालेल. "माझ्या अंगणात हे झालं आणि मी गप्प राहिलो," हे वाक्य पुरेसं आहे. पण ती गोष्ट तुमच्याइतकीच आईचीही आहे. सभेच्या आदल्या दिवशी तिला विचारा. ती नको म्हणाली तर ते वाक्य वगळा आणि ठराव तेवढा वाचून दाखवा.